जखम दिसते, जंतू दिसत नाही

जून महिन्यात शाळा उघडतात आणि त्याच सुमारास मराठवाड्यात पावसाचे वेध लागतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावांत पेरणी होते, मागोमाग खुरपणी सुरू होते. हवा दमट, पायाखाली चिखल, अंगात घामाने व पावसाने ओलावलेले कपडे आणि शेतात गेल्या हंगामातील तुरीची, पऱ्हाटीची धसकटे. या दिवसांत वर्गावर नजर फिरवली, तर एखाद्या मुलाच्या पायावर पिवळ्या खपल्यांचे फोड दिसतात. दुसऱ्याच्या मानेवर करट झालेले असते. तिसरा सारखी कंबर खाजवत असतो, तर चौथा टाचेत मोडलेल्या काट्यामुळे लंगडत येतो.

घरी या चौघांवर बहुधा एकच उपचार होतो. मेडिकल दुकानातून आणलेली मलमाची एक ट्यूब घरातल्या सर्वांना, सर्व दुखण्यांसाठी वापरली जाते. काहींना गुण येतो, काहींना येत नाही आणि काहींचे दुखणे बळावते. असे का होते? या चारही तक्रारी त्वचेच्या असल्या तरी त्यांना कारणीभूत होणारे सूक्ष्मजीव एकमेकांपासून फार वेगळे असतात. काही जीवाणू आहेत, काही बुरशी आहेत. काहींना हवा लागते, तर काहींना हवेतील ऑक्सिजन विषासारखा असतो. या लेखात आपण त्यांची ओळख करून घेऊ. ती करून घेण्याचे व्यावहारिक कारण असे, की जंतू कोणता हे कळले तर औषध पुष्कळदा साधे आणि स्वस्त असते. ते न कळता दिलेले औषध मात्र महागात पडते.

त्वचेची तटबंदी

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर असते. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून त्या पेशी केरॅटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या असतात. केस, नखे आणि जनावरांची शिंगेही याच प्रथिनाची. हा थर सतत झडत असतो आणि त्याबरोबर त्यावर बसलेले जंतूही झडतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. घामातील मीठ आणि तैलग्रंथींच्या स्रावातील मेदाम्ले अनेक जंतूंना मानवत नाहीत. शिवाय त्वचेवर निरुपद्रवी जीवाणूंची कायमची वस्ती असते. त्यांनी जागा आणि अन्न आधीच व्यापलेले असल्याने परक्या जंतूला तेथे सहजासहजी पाय रोवता येत नाहीत.

म्हणजे धडधाकट त्वचेवर जंतू पडले म्हणून रोग होतोच असे नाही. तटाला भगदाड पडावे लागते. खरूज झालेले मूल रात्रभर खाजवते, डास चावतो, काटा बोचतो, विळा लागतो, चटका बसतो किंवा ओलाव्याने बोटांमधली कातडी भिजून फाटते. यांपैकी काहीही घडले की आत जाण्याचा रस्ता मोकळा होतो. पुढे काय होणार हे मात्र त्या रस्त्याने कोण शिरले यावर ठरते.

घोस आणि माळा

गळवातील पुवात जंतू असतात हे ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली दाखवून दिले. त्यांनी अनेक रुग्णांच्या गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना दोन प्रकारचे गोलाणू दिसले. काही माळेसारखे एकापुढे एक जोडलेले होते, तर काही द्राक्षांच्या घोसासारखे एकत्र होते. माळेसारख्या जीवाणूंना स्ट्रेप्टोकॉकस हे नाव आधीच मिळालेले होते. घोसासारख्यांना ऑग्स्टन यांनी १८८२ मध्ये स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिले’ म्हणजे द्राक्षांचा घोस.

आजही त्वचेच्या बहुसंख्य पुवाळ संसर्गांमागे हे दोघेच असतात, पण त्यांची आत शिरल्यावरची वागणूक वेगळी आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू कोॲग्युलेज नावाचे विकर तयार करतो. त्यामुळे भोवतालच्या द्रवाची गुठळी होते आणि जंतूंभोवती कुंपण तयार होते. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, लढतात आणि मरतात. मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि विरघळलेली ऊती यांचे मिश्रण म्हणजे घट्ट पिवळा पू. म्हणून करट, केसतूड आणि गळू ही दुखणी एका जागी गोळा होऊन पिकतात. कुंपणाच्या आत रक्तप्रवाह पोचत नसल्याने गोळीतून घेतलेले औषधही तेथे पुरेसे पोचत नाही. मोठ्या गळवाला डॉक्टर चीर देऊन पू काढतात ते यासाठीच. घरी गळू पिळल्यास कुंपण फुटून जंतू आतल्या बाजूला पसरू शकतात. नाक आणि वरचा ओठ या भागातील फोड तर कधीच पिळू नये. तेथील शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध आहे.

स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस याच्या उलट वागतो. गुठळ्या विरघळवणारे, पेशींमधला ‘गारा’ वितळवणारे आणि पुवाचा चिकटपणा घालवणारे अशी विकरे त्याच्याजवळ असतात. त्यामुळे तो एका जागी थांबत नाही. पाय लाल होतो, सुजतो, गरम लागतो आणि लाली तासातासाने पुढे सरकते. अशा एका दुखण्याला मराठीत पूर्वीपासून ‘धावरे’ म्हणतात. जंतूंची माहिती नसलेल्या काळातही लोकांनी त्याचा धावण्याचा गुण अचूक हेरला होता! याच जीवाणूच्या कुळातून मिळवलेले स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे द्रव्य पुढे हृदयविकाराच्या झटक्यावर औषध म्हणून वापरले गेले.

लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती व पायांवर मधाच्या रंगाच्या खपल्यांचे जे फोड येतात, ते या दोघांपैकी कोणीही करू शकतो. कधी दोघे मिळूनही करतात. हे फोड शिक्षकांनी गांभीर्याने घ्यावेत असे आम्हाला वाटते. स्ट्रेप्टोकॉकसच्या काही वाणांचा त्वचेवर संसर्ग झाल्यास साधारण तीन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. तोवर फोड वाळूनही गेलेले असतात. सकाळी मुलाचा चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसतात, लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला हवे. आईवडिलांच्या मनात त्या जुन्या फोडांचा आणि या सुजेचा संबंध येत नाही. फोड आलेले असताना ते मूल रोज वर्गात पाहणाऱ्या शिक्षकाला तो लावता येतो.

मातीतले जंतू

आता टाचेत काटा मोडलेल्या मुलाकडे वळू. त्याच्या बाबतीत जंतू मातीतून येतात. मातीत आणि शेणात क्लॉस्ट्रिडियम या गटाचे जीवाणू असतात. ऑक्सिजन असेल तेथे ते वाढू शकत नाहीत. पण ते बीजाणू बनवतात. हे बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपी गेलेले जीवाणूच. ऊन, दुष्काळ, साधे जंतुनाशक यांना दाद न देता ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. खोल, अरुंद जखमेत किंवा चेंगरलेल्या मांसात रक्त पोचत नाही, म्हणजे ऑक्सिजनही पोचत नाही. अशी जागा मिळाली की बीजाणू जागे होतात.

क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी हा यांपैकी एक. तो जखमेच्या जागी फारसे काही करत नाही. जखम क्षुल्लक दिसते. मात्र त्याचे विष मज्जातंतूंमार्गे पोचते, जबडा आवळतो आणि शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. म्हणून हा धनुर्वात. दुसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्याचे विष पेशींची आवरणेच फोडते. मांस मरत जाते आणि त्यात वायू साठतो. यालाच डॉक्टर गॅस गँगरीन म्हणतात, आणि येथे प्रश्न दिवसांचा नसतो, तासांचा असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर अशा दुर्घटनेत क्लॉस्ट्रिडियमला हवे ते सारे एकत्र येते. माणूस तासन्‌तास दगडाखाली दबलेला असतो, मांस चेंगरून रक्तपुरवठा थांबलेला असतो आणि जखमेत माती भरलेली असते. अशी जखम शल्यचिकित्सक लगेच शिवत नाहीत. मेलेले मांस कापून काढतात, भरपूर पाण्याने धुतात, जखम काही दिवस उघडी ठेवतात आणि ती स्वच्छ राहिल्याची खात्री झाल्यावरच टाके घालतात. नातेवाइकांना ही हयगय वाटते. प्रत्यक्षात उघड्या जखमेत हवा खेळते, आणि हवा हाच क्लॉस्ट्रिडियमवरचा पहिला उपाय आहे.

हेच तत्त्व शेतातल्या काट्यालाही लागू आहे. जखमेवर माती, शेण किंवा राख दाबून बसवली की आपण बीजाणूही आत घालतो आणि वरून झाकणही लावतो. स्वयंपाकघरातील हळदही निर्जंतुक नसते. वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने पाच-दहा मिनिटे धुणे आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करणे, हा पहिला उपचार. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांची एकत्रित लस दिली जाते. ही दोन्ही वये शाळेची आहेत.

बुरशीचा कारभार

कंबर खाजवणाऱ्या मुलाला गजकर्ण असण्याची शक्यता मोठी. गजकर्ण किंवा नायटा करणाऱ्या बुरशी मृत थरातील केरॅटिनवर जगतात. त्या कडेने वाढत जातात, म्हणून कडा लाल व उंचवट्याची आणि मधला भाग निवळलेला असा गोल चट्टा दिसतो. जीवाणूंवरचे प्रतिजैविक येथे निरुपयोगी ठरते, कारण बुरशीच्या पेशीची रचना जीवाणूपेक्षा निराळी असते. पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाही; बुरशीची भित्तिका वेगळ्याच द्रव्यांची असल्याने तिला त्याचा काहीच उपद्रव होत नाही.

यापेक्षाही घातक ठरली ती स्टेरॉइड मिसळलेली मलमे. स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दाबते, त्यामुळे खाज व लाली दोन दिवसांत कमी होते आणि मलम ‘लागू पडले’ असे वाटते. आत बुरशी मात्र मोकाट वाढते. मलम थांबवले की चट्टा दुप्पट होऊन परततो आणि त्याचे नेहमीचे रूप इतके बदलते, की डॉक्टरांनाही तो ओळखणे जड जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. दरम्यान भारतात बुरशीचा एक चिवट प्रकार पसरला. २०२० मध्ये त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव देण्यात आले. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचे नेहमीचे औषध त्याच्या अनेक वाणांवर चालत नाही. हा प्रकार आता अन्य खंडांतही सापडू लागला आहे.

एक सूज, दोन कारणे

दिसायला सारखे पण कारणाने वेगळे, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘मदुरा पाय’. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा जातो. काही महिन्यांनी तेथे न दुखणारी गाठ येते. ती वर्षानुवर्षे वाढते, तिला छिद्रे पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येतात. शेवटी हाडेही पोखरली जातात. मदुराईत या रोगाची नोंद १८४२ साली झाली होती. त्याचा कसून अभ्यास झाला तो मुंबईत. ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८६०–६१ च्या सुमारास हे दाणे तपासले, त्यांत बुरशी असल्याचे सांगितले आणि रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. ‘ग्रेज ॲनॅटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातील आकृत्या काढणारे ते हेच कार्टर. पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. या रोगावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कार्टर यांच्यानंतर असे आढळले, की काही रुग्णांच्या दाण्यांत बुरशी नसतेच. तेथे तंतूंसारखे वाढणारे जीवाणू, म्हणजे ॲक्टिनोमायसीट, असतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुवास येतो तो याच गटातील जीवाणूंच्या एका द्रव्यामुळे. दोन्ही रुग्णांचे पाय सारखेच दिसतात, पण जीवाणूंमुळे झालेला मायसेटोमा प्रतिजैविकांनी काही महिन्यांत बरा होऊ शकतो. बुरशीमुळे झालेल्याला बुरशीनाशक औषध वर्षभर किंवा अधिक काळ द्यावे लागते, शस्त्रक्रियाही लागते आणि कधी पाय गमवावा लागतो. काळे दाणे बुरशीचे असतात आणि लाल दाणे जीवाणूंचे. पांढरे-पिवळे दाणे मात्र कोणाचेही असू शकतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही. म्हणजे पाय राहणार की जाणार, हे पुष्कळदा त्या मोहरीहूनही बारीक दाण्याच्या तपासणीवर अवलंबून असते. रोग फार उशिरा लक्षात येतो, कारण तो दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला.

प्रयोगशाळा काय करते?

वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतो. नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे पुवाचा नमुना आला की प्रथम काचपट्टीवर त्याचा लेप काढून ग्रॅम अभिरंजन करतात. १८८४ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही अर्ध्या तासाच्या आत सांगते, की जंतू जांभळे आहेत की गुलाबी, गोल आहेत की दांड्यासारखे, घोसात आहेत की माळेत. नंतर नमुना पोषक माध्यमावर वाढवतात. त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती वाढ होत नाही ते औषध उपयोगी. यास एक-दोन दिवस लागतात. गजकर्णासाठी चट्ट्याच्या कडेचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. केरॅटिन विरघळते आणि बुरशीचे तंतू उघडे पडतात. खर्च अगदी किरकोळ.

मधुमेही व्यक्तीच्या पायावरील जखमेत तर या तपासणीला पर्याय नाही. तेथे अनेक जंतू एकत्र नांदतात. त्यांत स्यूडोमोनस हा दांड्यासारखा जीवाणू असला, तर पट्टीवर हिरवट-निळी झाक दिसते. स्टॅफिलोकॉकसवरची पुष्कळशी औषधे त्याच्यावर चालत नाहीत.

नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा, हे सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढतीलच असे नाही, आणि मग प्रयोगशाळेलाही काही सांगता येत नाही.

औषध आहे, पण किती दिवस?

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. त्याच्या चेहऱ्यावर व शरीरात स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस पसरले होते. चार-पाच दिवसांत तो आश्चर्यकारकरीत्या सुधारला. पण औषध इतके थोडे होते, की त्याच्या लघवीतून ते परत काढून वापरावे लागले. साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्च महिन्यात तो दगावला. पुढे चौदा वर्षांनी, १९५५ मध्ये, पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्याच पिंपरीत मातीतील एका ॲक्टिनोमायसीटपासून हॅमायसीन हे बुरशीनाशक मिळाले. त्या जीवाणूचे नाव गावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवण्यात आले.

त्यानंतरच्या काळात आपल्या दोन गोलाणूंच्या वाटा वेगळ्या झाल्या. स्टॅफिलोकॉकसने लवकरच पेनिसिलिनचे तुकडे करणारे विकर वापरायला सुरुवात केली. त्यावर मात करणारे मेथिसिलिन आले, तर १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे वाण सापडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२१ आणि २०२२ च्या अहवालांत, रुग्णालयांतून तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसपैकी ४० टक्क्यांहून अधिक वाण या प्रकारचे होते. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस मात्र ऐंशी वर्षांनंतरही साध्या पेनिसिलिनला बळी पडतो. म्हणून धावऱ्याच्या रुग्णाला उगाच भारी प्रतिजैविक देण्यात शहाणपण नाही, आणि चिवट स्टॅफिलोकॉकसच्या रुग्णाला तेच साधे पेनिसिलिन देत राहण्यातही नाही. गरज नसताना घेतलेली, मधेच सोडलेली किंवा शेजाऱ्याकडून उरलेली आणलेली प्रत्येक गोळी आपल्या अंगावरील जंतूंतून चिवट तेवढे निवडून ठेवते. ते मग टॉवेल, वस्तरा, चादर यांमार्फत घरात आणि वर्गात फिरतात.

शाळेत काय करता येईल?

मुलांना सूक्ष्मजीव दाखवायचे असतील तर पुवाला किंवा जखमेला हात लावू नये. शाळेत अशा द्रव्याचे संवर्धन कधीच करू नये. ताज्या दह्याचा थेंबभर भाग पाण्यात मिसळून काचपट्टीवर पातळ पसरावा, वाळवावा, पट्टी ज्योतीवरून अलगद फिरवावी आणि मिथिलीन ब्लूने रंगवावी. चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली दांड्यासारखे जीवाणू आणि गोलाणूंच्या छोट्या माळा दिसतात. या माळा स्ट्रेप्टोकॉकसच्याच, पण निरुपद्रवी जातीच्या. एकाच नावाच्या कुळात दही लावणारा आणि मूत्रपिंडाला इजा करणारा असे दोघे असतात, हे मुलांना डोळ्यांनी पाहू द्यावे.

एरवी शिक्षकांनी करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. फोड आलेल्या मुलाची नखे कापलेली असावीत, फोड झाकलेले असावेत आणि त्याचा टॉवेल वेगळा असावा. खरूज असेल तर सबंध घराने एकाच वेळी उपचार घ्यावा, नाहीतर ती पुन्हा उलटते. पसरणारी लाली, ताप, जखमेच्या मानाने फार जास्त वेदना, कातडी काळी पडणे, चेहऱ्यावर सूज किंवा जबडा उघडण्यास त्रास यांपैकी काहीही दिसल्यास मलमाची वाट पाहू नये. मुलाला तडक दवाखान्यात पाठवावे. महिनोन्‌महिने न दुखणारी पायाची गाठही तपासून घ्यावी. आणि पालक ट्यूब दाखवून ‘ही चालेल का?’ असे विचारतील, तेव्हा त्यांना आधी हा फोड कोणत्या जंतूचा आहे हे डॉक्टरांना विचारायला सांगावे.